मेश्राम सिस्टरांचे वाटाणे

रंजनाताई मेश्रामांकडे आलेला पाहुणा चहा व्हायच्या आत एकदा तरी म्हणायचाच, "फुगवून दाखवा ना एखादा." पफर म्हणजे फुगणारा मासा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. रंजनाताईंचं उत्तरही ठरलेलं होतं. त्या चष्म्यावरून पाहुण्याकडे बघायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "तुम्ही मला तुमचं बी.पी. वाढवून दाखवता का? नाही ना? मग बसा."

पाहुणा बसायचा.

साउथहॅम्प्टनमध्ये त्यांच्या घरातल्या वरच्या मागच्या खोलीत मी साडेतीन वर्षं राहिले. पुण्याहून नुकतीच आले होते. बंदरात कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझं काम होतं. खोली बघायला गेले तेव्हा नोकरी, व्हिसा, स्वयंपाक अशा प्रश्नांची उत्तरं पाठ करून गेले होते. रंजनाताईंनी त्यातलं काही विचारलं नाही.

"डिओ मारतेस?"

"हो... म्हणजे, थोडा."

"वर तुझ्या खोलीत मारायचा. खाली हॉलमध्ये नाही. पाण्यावर बसतो तो. उदबत्ती?"

"नाही."

"डास मारायचा स्प्रे?"

"इथे डास कुठे आहेत?"

"नाहीत ना? मग आणायचा नाही. ये, दाखवते."

मला वाटलं खोली दाखवणार. त्यांनी मला हॉलमध्ये नेलं. जिथे कुणाच्याही घरी टीव्ही असतो तिथे काचेची मोठी टाकी होती. टीव्ही बिचारा स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या डोक्यावर जाऊन बसला होता. टाकीत हिरव्यागार वनस्पतींचं रान. मी बराच वेळ बघितलं, एकही मासा दिसेना. मग एका पानाशेजारी काहीतरी वळलं. पिवळसर हिरवं, अंगावर काळे ठिपके, लांबी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. ते हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी तरंगत काचेपाशी आलं. एक डोळा माझ्याकडे लावला आणि दुसरा स्वतंत्रपणे रंजनाताईंकडे फिरवला.

"ठीक आहे," रंजनाताई म्हणाल्या. "तो पळाला नाही. कधी येतेस राहायला?"

रंजनाताई मूळच्या नागपूरच्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून इथे आल्या, मुलाला घेऊन. त्यांच्या यजमानांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. सर्जनच्या शेजारी उभं राहायचं आणि त्याने मागायच्या आधी बरोबर हत्यार त्याच्या हातात ठेवायचं, हे त्यांचं काम. उंची पाच फुटांच्या आतबाहेर. आवाज कधी चढायचा नाही. चढायची गरज पडल्याचं मी पाहिलं नाही.

मासे त्यांच्या घरात आले ते अपघाताने. थिएटरमधल्या एका मल्याळी नर्सबरोबर तिच्या कुत्र्याचं खाणं आणायला त्या दुकानात गेल्या होत्या. कोपऱ्यातल्या टाकीतला एक इवलासा मासा त्यांच्याकडे बघायला लागला. "मासे बघत नाहीत गं," त्या मला सांगायच्या, "मासे तोंड उघडतात. हा बघून राहिला होता. टेबलावर आडवा झालेला पेशंट आपल्या मास्ककडे बघतो ना, तसा." दुकानदाराने सांगितलं की हे गोड्या पाण्यातले पफर, जगातल्या सगळ्यात लहान पफरांपैकी, केरळच्या नद्यांमधले. वाटाण्यावरून यांचं इंग्रजी नाव पडलंय. ते ऐकून ती मल्याळी नर्स हळवी झाली. "सिस्टर, हे तर आमच्याकडचे. नेऊ या." कुत्र्याचं खाणं विसरून दोघी सहा वाटाणे घेऊन बसने घरी आल्या.

सहाही वाटाण्यांना वेगवेगळी नावं होती, पण ती रंजनाताई चारचौघांत उच्चारत नसत. मला ती फार उशिरा कळली, आणि कळली त्या वेळी मी एकटी नव्हते. तो प्रसंग पुढे सांगते.

घराची शिस्त थिएटरची होती. सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी आल्यावर टाकीपुढे उभं राहून मासे मोजायचे, मोठ्याने. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बरोबर." ऑपरेशन संपताना कापसाचे बोळे मोजतात, तसं. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मोजणी पाचवर थांबली. माझी साडेनऊची मीटिंग होती. मी कोट घालून दाराशी उभी.

"कुठे चाललीस?"

"ऑफिसला. उशीर होतोय."

"काउंट बरोबर नाही."

"ताई, असेल कुठेतरी पानाखाली."

"कुठेतरी म्हणजे कुठे? उद्या तुझ्या पोटात कापूस राहिला आणि सर्जन म्हणाला, असेल कुठेतरी, तर चालेल तुला?"

मी कोट काढला. पाऊण तास आम्ही दोघी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसून शोधत होतो. सहावा मासा पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या मागच्या फटीत आरामात झोपलेला सापडला. उशिराचं कारण म्हणून मी मॅनेजरला जे होतं तेच लिहून पाठवलं. तो इंग्रज होता. त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. उलट त्याने 'सापडला का?' असं काळजीने विचारलं.

खरी अडचण होती जेवणाची. हे वाटाणे दिसायला गोजिरवाणे, पण पक्के शिकारी. त्यांना हव्यात जिवंत गोगलगायी, त्याही कवचासकट. कारण या माशांचे दात, म्हणजे खरं तर एक चोच, उंदराच्या दातांसारखी सतत वाढत असते. कवचं फोडून ती झिजली नाही तर वाढून वाढून तोंडच बंद होतं. म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत गोगलगायी वाढत. मी पहिल्या आठवड्यात लिंबाचं लोणचं समजून एक बरणी उघडली होती, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बरण्या पुरायच्या नाहीत. म्हणून रंजनाताई गावभरातून गोगलगायी गोळा करायच्या. बाकीच्यांच्या फिशटँकमध्ये त्या नको असताना वाढतात. त्यांना ती पीडा, रंजनाताईंना ती भाजी. जिथे जातील तिथे पर्समध्ये एक झाकणाचा डबा. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात, भाषणं संपून आभार मानून झाल्यावर, त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "कोणाच्या घरी माशांची टाकी असेल आणि त्यात गोगलगायी झाल्या असतील, तर मला सांगावं. मी स्वतः येऊन काढून नेईन. जय भीम."

जेवणाच्या रांगेत गजभिये काकांनी त्यांना गाठलं. काका समितीत जुने, शब्दाला शब्द लावून बोलणारे.

"ताई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा ना."

"आपण आत्ता सगळ्यांनी पंचशील घेतलं. पहिलंच शील, प्राण्याची हिंसा करणार नाही. आणि तुम्ही रोज इतके जीव त्या माशांना घालता. हे कसं बसतं?"

आजूबाजूचे चार लोक थांबले. रंजनाताईंनी फक्त काकांच्या प्लेटकडे बघितलं. प्लेटमध्ये कोंबडीची तंगडी होती. काका बोलता बोलता तीच हातात धरून मुद्दा मांडत होते. काकांनी ती हळूच खाली ठेवली.

पण रंजनाताईंनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. घरी येताना गाडीत मला म्हणाल्या, "काका चुकीचं नाही बोलले. मीही विचार केला होता. सुरुवातीला आठ दिवस मी त्यांना शेवाळाच्या गोळ्या दिल्या, वनस्पतीच्या. त्यांनी तोंड लावलं नाही. पोटं आत गेली. मग मी म्हटलं, शील मी घेतलंय, माशाने नाही घेतलं. माझा नियम मी त्याच्या पोटावर लादला तर ती पण हिंसाच झाली ना?" मग पर्समधल्या डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाल्या, "पण गोगलगाय टाकताना मी बघते. तोंड फिरवत नाही. एवढं तरी करायला पाहिजे."

पुढच्या आठवड्यात गजभिये काका स्वतः आमच्या दारात उभे. हातात आइस्क्रीमचा डबा, डब्यात मुलीच्या घरच्या टाकीतल्या चाळीसेक गोगलगायी. "मी काही म्हणत नाही," ते म्हणाले, "मी फक्त आणून दिल्या." चहा घेऊन गेले. जाताना टाकीपुढे वाकून म्हणाले, "फुगवून दाखवा ना एखादा."

त्याच वर्षी दिवाळीनंतर रंजनाताईंची नागपूरची बहीण आजारी पडली आणि त्या अडीच महिन्यांची रजा घेऊन गेल्या. मासे माझ्या हवाली. जाताना त्यांनी फ्रीजवर दोन पानं सूचना चिकटवल्या आणि विमानतळावरून फोन करून त्या माझ्याकडून वाचून घेतल्या. पहिला महिना मी सगळं नीट केलं. मग एकदा बरण्या धुतल्या आणि त्यांत सरळ नळाचं पाणी भरलं. इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आधी औषध घालून घालवायचं असतं, हे पान एकवर सगळ्यात वर लिहिलं होतं. दोन दिवसांत गोगलगायींची अख्खी वसाहत संपली. मला फोन करून सांगायचा धीर झाला नाही. दुकानात छोट्या मऊ जिवंत अळ्या मिळत होत्या. मासे त्या आनंदाने खात होते, मग मी तेच चालू ठेवलं आणि फोनवर सांगत राहिले, "सगळं मस्त आहे."

रंजनाताई परत आल्या, बॅग दारात ठेवली, मासे मोजले. सहा, बरोबर. मग वाकून बघत राहिल्या. "याला काय झालं?" सगळ्यात मोठा मासा अन्नाशी येत होता, तोंड लावत होता आणि मागे जात होता. त्याची चोच वाढून जवळजवळ मिटली होती. पोट खपाटीला गेलं होतं.

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "चूक सगळ्यांची होते. लपवली की मग पेशंट जातो. आता डोळे पूस, फोन आण माझा."

माशाची चोच कापता येते. लवंगेच्या तेलाचा थेंब घातलेल्या पाण्यात त्याला गुंगी द्यायची, नखाजवळची कातडी कापायच्या बारीक कात्रीने टोक उडवायचं आणि स्वच्छ पाण्यात परत आणायचं. रंजनाताईंनी हे आधी दोनदा स्वतःच्या हाताने केलं होतं. या वेळी मात्र त्यांनी डॉक्टर देशमुखांना फोन लावला.

डॉक्टर विवेक देशमुख म्हणजे हाताचे सर्जन. भिंगाचा चष्मा लावून केसाएवढ्या नसा जोडायचे. चांगले म्हणून प्रसिद्ध आणि तापट म्हणून जास्त प्रसिद्ध. मनासारखं झालं नाही की हातमोजे काढून आपटायचे. आख्ख्या हॉस्पिटलात ते एकाच व्यक्तीला दबून असत, आणि ती व्यक्ती अकरा वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहिली होती. रविवारी दुपारी ते भिंगाचा चष्मा घेऊन हजर झाले. दारातच म्हणाले, "सिस्टर, हे कुणाला सांगायचं नाही."

जेवणाच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता. तीन वाडगे, तिन्हींवर चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहिलेलं. घड्याळ बघायचं काम माझं. डॉक्टरांनी कात्री उचलली.

"थांबा," रंजनाताई म्हणाल्या. "टाइम आउट."

ऑपरेशन सुरू करण्याआधी सगळ्यांनी थांबून यादीतले प्रश्न विचारायचे, असा तिथला नियम आहे.

"अहो, इथे?"

"इथे काय पेशंट नाही? नाव आणि काम सांगा."

"अकरा वर्षं ओळखता तुम्ही मला."

"नाव आणि काम."

"विवेक देशमुख," डॉक्टर वरमून म्हणाले. "सर्जन."

"रंजना मेश्राम, स्क्रब सिस्टर. अदिती, बोल."

"अदिती. घड्याळ."

"हं," डॉक्टरांना आता मजा यायला लागली. "आणि पेशंटचं नाव?"

रंजनाताईंनी सरळच असलेला टॉवेल पुन्हा सरळ केला. मी त्यांना इतकं अडचणीत कधीच पाहिलं नव्हतं.

"पेशंटचं नाव, सिस्टर? नावाशिवाय मी सुरू करणार नाही. तुमचाच नियम आहे."

रंजनाताईंनी काहीही दुसरं नाव सांगितलं असतं तरी आम्हाला काय कळणार होतं? पण टाइम आउटमध्ये खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

"देशमुख," त्या म्हणाल्या.

"माझं नाही हो, माशाचं."

"माशाचंच."

डॉक्टरांनी भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला. "का?"

"लवकर चिडतो. दुसरा मासा त्याच्या बाजूला फिरकलेला त्याला चालत नाही."

"बाकीचे पाच?"

"सगळे आपल्याच हॉस्पिटलचे कन्सल्टंट डॉक्टर आहेत. पुढचं विचारू का? पेशंटला कसली ॲलर्जी?"

"नाही... म्हणजे, मला कसं माहीत असणार?"

"कुठल्या बाजूचं ऑपरेशन?"

"सिस्टर, एकच तोंड आहे त्याला."

"सुरू करा."

पुढे सगळं मिनिटभराचं काम. गुंगी आलेला देशमुख ओल्या कापडावर, वर भिंगातून वाकलेले देशमुख. टक. पुन्हा एकदा, टक. नखाच्या कोरीएवढा तुकडा टॉवेलवर पडला. मासा तिसऱ्या वाडग्यात गेला आणि तसाच कलून पडून राहिला. रंजनाताई ड्रॉपरने त्याच्या कल्ल्यांपाशी हळूहळू पाणी सोडत होत्या. मी घड्याळ सांगत होते. एक मिनिट. दीड. डॉक्टर वाडग्यावर वाकले.

"गेला का?"

"गप्प बसा जरा."

दोन मिनिटं दहा सेकंदांनी माशाने एक डोळा फिरवला आणि मग तो फुगला. पोट टरारून तो द्राक्षाएवढा गोल झाला. साडेतीन वर्षांत मी हे एवढं एकदाच पाहिलं, आणि ज्यासाठी पाहुणे हट्ट करायचे ते डोळ्यांसमोर असताना आम्हा तिघांपैकी कुणालाही ते बघवेना. "घाबरलाय," रंजनाताई म्हणाल्या. "लाइट बंद कर." अर्ध्या मिनिटात तो पुन्हा वाटाणा झाला. संध्याकाळी त्याने एक छोटी गोगलगाय फोडली.

चहा झाला तेव्हा डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"काय?"

"तुम्ही वाडगा उचललात तेव्हा पाणी हललं, सिस्टर."

रंजनाताईंनी उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती, अगदी थोडी. रोज त्यांच्याबरोबर जेवणाऱ्या मला ते कधी दिसलं नव्हतं.

"नागपूरला असताना लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "ताईला औषध भरवत होते. चमचा सांडला."

"मंगळवारी माझ्या ऑपरेशनच्या लिस्टला..."

"नाही येणार. शुक्रवारीच फोनवर मॅनेजरला सांगितलं, लेखी पण दिलं. आता टेबलापाशी उभी राहणार नाही." मग टाकीकडे बघत म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मासा लहान आहे म्हणून काय कुणाच्याही हाताने कापायचा?"

डॉक्टर देशमुख निघताना दारात म्हणाले, "अकरा वर्षांत मला कधी हत्यार मागावं लागलं नाही." रंजनाताई म्हणाल्या, "गाडी नीट चालवा. आज क्रूझचं जहाज आहे, डॉक रोडला गर्दी असेल."

तपासण्या झाल्या. जिवाला धोका नव्हता. नुसती थरथर, पण बारीक कामातून त्या उठल्या. पुढची दीड-दोन वर्षं त्यांनी ऑपरेशनच्या आधी पेशंटची चौकशी करणाऱ्या क्लिनिकमध्ये काढली, मग निवृत्त झाल्या. घर विकून मिल्टन कीन्सला मुलाकडे, प्रशांतकडे गेल्या. मासे थर्मोकोलच्या पेटीत, पेटी गाडीच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून, शेजारी त्या. गाडी मी चालवत होते. त्या गावात दर अर्ध्या मैलाला एक राउंडअबाउट, आणि प्रत्येक राउंडअबाउटला मागून आवाज, "हळू. कलून राहिले ते."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, कायमची पुण्याला परतण्याआधी. प्रशांतच्या हॉलमध्ये टाकी होती आणि टीव्ही वर बेडरूममध्ये गेला होता. नव्या गावात गोगलगायी पुरेशा मिळत नव्हत्या, म्हणून आठवड्यातले काही दिवस फ्रीझरमधल्या गोठवलेल्या अळ्यांवर भागवावं लागत होतं. मासे त्या खायला तयार नव्हते. हलत नाही ते अन्न नाही, असा त्यांचा हिशोब. मी पोचले तेव्हा प्रशांत चिमट्यात अळी धरून टाकीवर वाकला होता. लहानपणापासून इथे वाढलेला, सहा फूट उंच, दगडासारखा स्थिर हात. मासे यायचे, एका डोळ्याने बघायचे आणि निघून जायचे.

"आई, ती मासा माझ्याकडून खातच नाही."

"तो मासा," रंजनाताई म्हणाल्या. "सरक."

त्यांनी चिमटा घेतला आणि हात पाण्यावर धरला. थरथर आता पूर्वीपेक्षा वाढली होती. चिमट्याच्या टोकाशी ती मेलेली अळी वळवळायला लागली. पानांमागून एक वाटाणा सुटला, थेट आला आणि त्याने झडप घातली. त्याच्या मागून दुसरा, तिसरा. प्रशांतने आणि मी एकमेकांकडे बघितलं. रंजनाताईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. माशांवरची नजर न काढता त्यांनी रिकामा चिमटा बाजूला धरला.

"पुढची," त्या म्हणाल्या.

प्रशांतने पटकन दुसरी अळी चिमट्यात दिली.